गाभोळीचा जिताडा नदीतच राहू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की रायगड जिल्ह्यातल्या नद्यांच्या आणि खाड्यांच्या काठी हौसेने गळ टाकणाऱ्यांची गर्दी होते. मुंबई, ठाणे, पुणे येथून मित्रांचे गट येतात, शेतघरांवर मुक्काम करतात आणि गोड्या पाण्यात जिताडा धरण्याचा आनंद घेतात. मी स्वतः अलिबाग तालुक्यातला, खारपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, वाढलेला आणि लहानपणापासून गळ टाकणारा माणूस आहे. त्यामुळे या हौसेविरुद्ध तक्रार करण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. गेल्या वर्षीच्या आमच्याच एका सहलीत आमच्या हातून एक चूक घडली. ती चूक दर पावसाळ्यात अनेक गटांच्या हातून घडत असते, आणि तिची किंमत पुढची कित्येक वर्षे नदीला मोजावी लागते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आम्ही चौघे मित्र. मी धरून दोघे निवृत्त, तिसरा अजून नोकरीत आणि चौथा ठाण्याचा. चौथ्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला असतो आणि त्याच्याकडे राहून आल्यापासून या मित्राला माशांच्या नादाने पुरते झपाटले आहे. आपला जिताडा, सिंधुदुर्ग-गोव्याकडचा चोणक, बंगालमधली भेटकी आणि ऑस्ट्रेलियातला बारामुंडी हा सगळा एकच मासा आहे, हे आम्हांला त्याच्याकडूनच कळले. मृग लागून आठवडा झाला होता, पाऊस मनासारखा पडला होता, आणि आम्ही दोन रात्रींसाठी आंबा नदीच्या वरच्या अंगाला गेलो. भरतीचा जोर तिथपर्यंत येऊन मोडतो, आणि पावसाळ्यात तिथले पाणी चुळ भरावी इतके गोडे असते. ज्या शेतघरावर उतरलो होतो त्याच्या ओसरीवर मोठाले मासे हातांत धरलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे लावलेली होती आणि हंगामातल्या सर्वांत वजनदार जिताड्याला बक्षीस असल्याचा फलक होता. त्या वेळी आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. एक वयस्कर होडीवाले नाना आम्हांला वल्हवत एका ओढ्याच्या तोंडाशी घेऊन गेले. ओढ्याचे तांबडे, गढूळ पाणी नदीच्या हिरवट पाण्याला जिथे मिळत होते तिथे कोणी दोरीने आखावी तशी सरळ रेघ दिसत होती. जिताडा याच रेघेवर, गढूळ पाण्याच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि ओढ्याबरोबर वाहून येणारी कोलंबी, लहान बोयी, बेडकाची पिल्ले टिपतो, असे नानांनी सांगितले. आम्ही जिवंत बोय गळाला लावून रेघेच्या काठाने सोडली. अर्धा तास काहीच झाले नाही. मग साचलेल्या पाण्यावर ओंजळ आपटावी तसा ‘भप्प’ असा आवाज आला आणि रिळाचा दोर सरसरत सुटला. जिताडा भक्ष्याचा चावा घेत नाही. तो झटक्यात तोंड उघडतो, पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, आणि तो आवाज त्या ओढीचा असतो. मासा दोन वेळा पूर्ण पाण्याबाहेर आला, डोके झटकले, पुन्हा खाली गेला. वीस-पंचवीस मिनिटांनी तो होडीशी आला तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो. पाठ हिरवट करडी, पोट चांदीसारखे, कपाळाला मध्येच खोलगट बाक, खालचा जबडा पुढे आलेला आणि डोळ्यांत तांबूस सोनेरी झाक. माझ्या मित्राने गालफडात बोटे घालून त्याला उचलले, आणि त्या गालफडाची पात्यासारखी कड त्याच्या बोटात चांगलीच रुतली.

नाना त्याच क्षणी म्हणाले, “सोरून द्या तिला. गाभोळीची हाय. खाली चाललेय ती.”

गाभोळीची म्हणजे पोटात अंडी असलेली मादी. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकले, पण मनावर घेतले नाही. छायाचित्रे काढण्याची घाई होती, बोटातून रक्त येत होते, फलकावरचे बक्षीस डोक्यात होते. आमच्यापैकी एकाने वल्ह्याच्या दांड्याने मासा मारला. क्वीन्सलँडहून आणलेली मोजपट्टी मित्राने त्याच्याशेजारी अंथरली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी १०६ सेंटिमीटर भरली.

दुपारी शेतघराच्या मागच्या पडवीत घरच्या काकू विळीवर तो मासा कापायला बसल्या. पोट चिरल्यावर गाभोळीच्या दोन पिवळसर नारिंगी जुड्या बाहेर आल्या. एकेक जुडी माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत लांब होती. काकूंनी त्या परातीत उचलून ठेवल्या, हात धुतले आणि जराही राग न दाखवता म्हणाल्या, “ही खाली गेली असती तं आमच्याच तल्यान पोरा आली असती.” त्यांच्या घरामागे जिताड्याचे तळे आहे. त्या एका वाक्याने आमच्या सहलीतला सगळा आनंद गेला. त्यानंतर वर्षभर मी या माशाविषयी जे जाणत्यांकडून ऐकले आणि वाचून काढले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

जिताडा वाढतो गोड्या आणि मचूळ पाण्यात, पण त्याचा जन्म खाऱ्या पाण्यातच होतो. मादी अंडी घालायला खाडीच्या मुखाशी, जवळजवळ समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जाते. आपल्याकडे हा काळ पावसाळ्याच्या सुरुवातीचा, आणि अंडी सोडण्याचा वेळ बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी जुळलेला असतो. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. पोरे भरतीबरोबर खाजणात, कांदळवनात, खाडीला लागलेल्या नाल्यांत शिरतात आणि वाट मिळाली तर भातखाचरांपर्यंत व गोड्या नदीत वर चढतात. तिथे ती काही वर्षे वाढतात, आणि वयात आली की पुन्हा खाली उतरतात. म्हणजे आमच्या गळाला लागलेली मादी त्या गोड्या पाण्यातून आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रवासाला निघाली होती. नानांनी “खाली चाललेय” या दोन शब्दांत हे सगळे सांगितले होते.

या माशाची दुसरी गोष्ट सर्वसामान्य वाचकाला नवी वाटेल, पण माझ्या पत्राचा सगळा भार तिच्यावरच आहे. बहुतेक जिताडे प्रथम नर म्हणून वयात येतात आणि पुढे काही वर्षांनी त्यांचे मादीत रूपांतर होते. हा बदल प्रदेशानुसार पुढे-मागे होतो, परंतु साधारणपणे मासा सहा-सात वर्षांचा आणि ८० सेंटिमीटर ते एक मीटरच्या घरात पोहोचल्यावर होतो. याचा अर्थ असा की नदीतला लहान व मध्यम जिताडा बहुधा नर असतो आणि फार मोठा जिताडा जवळजवळ हमखास मादी असते. शिवाय मादी जितकी मोठी तितकी अंडी अधिक. सात-आठ किलोची मादी एका हंगामात वीस लाखांहून अधिक अंडी देऊ शकते. आता याच नदीवर ‘सर्वांत मोठ्या माशाला बक्षीस’ असा फलक लागतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडते याचा विचार व्हावा. फलक लावणाऱ्याच्या किंवा गळ टाकणाऱ्याच्या मनात तसे काही नसले, तरी आपण नदीतल्या नेमक्या माद्या निवडून मारायला बक्षीस देत असतो. एखादा शेतकरी बियाण्यासाठी राखलेली कणगी आधी फोडून खाईल का? आणि इथे तर ती कणगी भरायला सहा-सात वर्षे लागतात.

कोणी म्हणेल की मग आम्ही जिताडा खायचाच नाही का. अवश्य खावा. जिताड्याशिवाय खारपाटातल्या घरचा पाहुणचार पुरा होत नाही, हे मला कोणी सांगायला नको. जावई आला की तळ्यात जाळे पडते हे मी जन्मभर पाहत आलो आहे. शहापूर-धेरंड भागात घराशेजारी, शेताच्या कडेला जिताड्याची तळी राखण्याची रीत जुनी आहे. ज्या खारपाटातल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध चरीचा संप लढवला, तोच हा मुलूख; इथल्या माणसाला जमिनीइतकीच तळ्याचीही किंमत ठाऊक आहे. खाडीत मिळालेली जिताड्याची पोरे आणून तळ्यात सोडायची, त्यांना लहान मासळीवर व कोलंबीवर वाढू द्यायचे आणि किलो-दोन किलोची झाली की सणासुदीला वा पाहुण्याला काढायची. या पोरांमध्ये मोठे पोर आपल्याहून निम्म्या लांबीचे भावंड सहज गिळते, म्हणून जाणता शेतकरी एका मापाचीच पोरे एकत्र सोडतो. हे सगळे शास्त्र आमच्या आजा-पणजांनी शाळेबाहेर शिकलेले आहे. तळ्यातला जिताडा मारल्याने नदीचे काहीही बिघडत नाही, कारण तळ्यातल्या गोड्या पाण्यात तो कितीही वाढला तरी तिथे त्याची वीण होत नाही. त्याला खाऱ्या पाण्यापर्यंत जाण्याची वाटच नसते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की ताटातला जिताडा तळ्यातला असावा आणि नदीतल्या मोठ्या मादीला खाली जाऊ द्यावे.

इथे एक आक्षेप येतो, तो मी माझ्याच मित्रांकडून ऐकला आहे. आता जिताड्याचे बी, म्हणजे पोरे, उबवणी केंद्रातून मिळते, मग नदीतल्या मादीची एवढी काळजी कशाला? चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले, ही भारतीय शास्त्रज्ञांची मोठी कामगिरी आहे आणि तिचा आदर केलाच पाहिजे. परंतु ते बी पैसे मोजून आणावे लागते, आणि दूरच्या राज्यातून आणायचे तर वाटेत प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत जगवावे लागते. ज्याच्याकडे चार गुंठ्यांचे एक तळे आहे, त्या काकूंसारख्या माणसाला आजवर हे बी खाडीने फुकट दिले आहे. उधाणाच्या भरतीने पोरे आणायची आणि शेतकऱ्याने उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, आत ती धरून ठेवायची, हा व्यवहार कोणत्याही योजनेशिवाय पिढ्यानपिढ्या चालला. तो मोडायचा आणि मग त्याच शेतकऱ्याला विकतचे बी घे म्हणायचे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

उघाडीचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी थोडे लिहितो. खारबंदिस्तीच्या बांधात जी दारे असतात, ती भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. त्यामुळे खारे पाणी शेतात येत नाही आणि पावसाचे पाणी निघून जाते. राज्यात १९७९ सालचा खारभूमी विकास अधिनियम आहे आणि या बांधांची देखभाल हा एक स्वतंत्र, मोठा प्रश्न आहे. त्यात मी आज शिरत नाही. पण या दारांच्या तोंडाशी बारीक आसाची जाळी लावून आत-बाहेर करणारे सगळे जीव गाळून घेण्याचा प्रकार मी गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी पाहिला. कोलंबीसाठी लावलेल्या त्या जाळ्यात बोटाच्या पेराएवढी जिताड्याची पोरे मरून पडतात. काळपट अंगावर कपाळापासून पाठीवर गेलेला फिकट पट्टा असतो, त्यावरून माहीतगार माणूस ती लगेच ओळखतो. मोठी मादी वाचवली आणि पोरे दारातच मारली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. गावकीने ठरवले तर श्रावणापर्यंत तेवढी जाळी काढून ठेवणे अवघड नाही.

आता ऑस्ट्रेलियाच्या मोजपट्टीकडे येतो, कारण तिने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले. त्या पट्टीवर ५८ आणि १२० या दोन आकड्यांपाशी जाड रेघा आहेत. क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा बारामुंडी सापडला तर तो सोडून द्यावाच लागतो. लहान मासा सोडण्याचा नियम आपल्याला समजतो, पण मोठा मासाही सोडा, असे कायद्याने सांगणे आपल्याला नवीन आहे. त्याचे कारण मी वर लिहिले तेच, मोठे मासे म्हणजे माद्या. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर विणीच्या काळात, नोव्हेंबरपासून जानेवारी अखेरपर्यंत, नद्यांत आणि खाड्यांत बारामुंडी धरण्यास बंदीही असते. दक्षिण गोलार्धातला तो उन्हाळी पावसाचा काळ. आणि जिथे धरणांच्या जलाशयांत मुद्दाम बी सोडून मासे वाढवले आहेत तिथे नियम सैल आहेत, कारण तिथला मासा समुद्रापर्यंत जाऊन वीण करू शकत नाही. आमच्या तळ्याचा आणि नदीचा जो फरक मी वर सांगितला, तोच त्या देशाने कायद्यात लिहून ठेवला आहे.

आमची मादी १०६ सेंटिमीटरची होती. म्हणजे क्वीन्सलँडच्या नियमाने ती मारणे गुन्हा ठरले नसते, हे मित्राने त्याच दिवशी बोलून दाखवले आणि ते खरे आहे. पण तिच्या पोटातली गाभोळी आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली. त्याच देशातल्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात वरची मर्यादा ८० सेंटिमीटरची आहे. यावरून मला इतकेच समजते की परक्या मुलखाचा आकडा उचलून इथे चिकटवणे उपयोगाचे नाही. आपल्या खाड्या लहान, नद्या आखूड, त्यांत गोडे पाणी चार-पाच महिन्यांचे, आणि मासेमारीचा ताण कितीतरी मोठा. आपला जिताडा कोणत्या लांबीला मादी होतो हे आपल्याच आंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठीच्या पाण्यात मोजले पाहिजे. रत्नागिरीला शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे, मत्स्यव्यवसाय खात्याची जिल्हा कार्यालये आहेत. हौशी गळवाल्यांनी आपापल्या माशांची लांबी, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले आणि तळेवाल्यांनी-कोळी बांधवांनी गाभोळी आढळलेल्या माशांची मापे दिली, तर या संस्थांना हे काम दोन-तीन हंगामांत करता येईल. तोवर सावधगिरी म्हणून ८० सेंटिमीटरच्या वरचा नदीतला जिताडा सोडून द्यावा, असे माझे नम्र सुचवणे आहे.

शासनाने या दिशेने काही पावले उचललेली आहेत, ती नोंदवली पाहिजेत. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून लहान मासे धरण्यास मनाई झाली. पण हा सगळा विचार समुद्राकडे तोंड करून झालेला आहे. समुद्रातली नौका किनाऱ्याला बांधलेली असते आणि नेमक्या त्याच दिवसांत नदीच्या वरच्या अंगाला आमच्यासारखे लोक विणीला निघालेल्या मादीच्या वाटेवर गळ टाकून बसलेले असतात. कोळी बांधव पोटाला चिमटा घेऊन नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात आणि आम्ही हौसेसाठी दोन महिने थांबू शकत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीसाठी मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत जिताड्याला अभय द्यावे, आणि जी शेतघरे मासेमारीच्या सहली भरवतात त्यांना हा नियम नोंदणीच्या वेळीच लागू करावा, अशी मत्स्यव्यवसाय खात्याला माझी विनंती आहे. वजनावरची बक्षिसे तर कोणत्याही आदेशाची वाट न पाहता आजच बंद व्हावीत. कोणाला बक्षीस द्यायचेच असेल तर मोजून, टिपण करून जिवंत सोडलेल्या माशाला द्यावे.

मासा राखणे ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही, हेही मला सांगायचे आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले खडस मासे वरदायिनी देवीचे म्हणून राखलेले आहेत. लोक त्यांना कुरमुरे घालतात, पण कोणी गळ टाकत नाही. मी शाळकरी वयात तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा हातभर लांबीचे मासे पायऱ्यांशी येऊन तोंडे वर काढत होते, आणि आमच्याबरोबरच्या अट्टल मासेमाऱ्यांनीही तिथे हात जोडले होते. एका डोहाला जे जमले ते एका नदीला का जमू नये?

आता सोडण्याच्या रीतीविषयी दोन शब्द, कारण नुसते ‘सोडा’ म्हणून भागत नाही. दमलेला मासा तासभर जमिनीवर तडफडल्यावर पाण्यात टाकला तर तो पोहत जाताना दिसला तरी वाचतोच असे नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपून ठेवला तर गळ एका झटक्यात निघतो. मासा शक्यतो पाण्यातच ठेवावा. उचलावा लागलाच तर हात ओले करून, एक हात जबड्याशी आणि दुसरा पोटाखाली देऊन आडवा उचलावा. मोठा जिताडा नुसत्या जबड्याला धरून उभा लटकवला तर त्याच्या स्वतःच्या वजनाने त्याच्या जबड्याला आणि कण्याला इजा होते, आणि नेमकी तशीच छायाचित्रे आपण सगळे काढत असतो. कोरड्या फडक्याने धरू नये, त्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जखमा चिघळतात. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरावे आणि तो स्वतः शेपटी मारून सुटेपर्यंत हात काढू नये. नानांनी हे आम्हांला तिसऱ्या दिवशी सकाळी, निघण्याआधी, ६२ सेंटिमीटरच्या एका जिताड्यावर करून दाखवले. तो हातातून निसटला तेव्हा नानांच्या तोंडावर पाण्याचा सपकारा बसला, आणि त्यांनी तो पुसलासुद्धा नाही.

येत्या मृगालाही आम्ही चौघे त्याच शेतघरावर जाणार आहोत, पण या वेळी गळ काकूंच्या तळ्यात पडेल आणि जो मासा निघेल त्याची किंमत त्यांना दिली जाईल. नदीवर जायचे ते नारळी पौर्णिमेनंतर, मोजपट्टी आणि वही घेऊन. शेतघराच्या मालकांशी मी फलकाविषयी बोललो आहे. त्यांनी तो उतरवण्याचे मान्य केले आहे, मात्र शेजारच्या दोन ठिकाणी तसे फलक राहिले तर पाहुणे तिकडे जातील, अशी त्यांची रास्त भीती आहे. म्हणूनच हा विषय एकट्या-दुकट्याच्या समजुतीवर न सोडता आपल्या दैनिकातून सर्वांपुढे यावा आणि मत्स्यव्यवसाय खात्याने पावसाळ्यापूर्वी त्याची दखल घ्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
पोयनाड, ता. अलिबाग, जि. रायगड